जुना ट्रॅक्टर पुन्हा शेतात उतरवायचाय? रंग शेवटी, आधी पाणी बाहेर काढा

माणगाव : घराच्या मागे फणसाखाली किंवा गोठ्याच्या कडेला उभा असलेला जुना ट्रॅक्टर बऱ्याच गावांत दिसतो. टायर बसलेले, सीटवर पोतं, बॉनेटवर वेल चढलेली. कुणाच्या वडिलांनी घेतलेला, कुणी घाटावरून सेकंड हँड आणलेला. पावसाळा जवळ आला की घरात विषय निघतो : भंगारवाल्याला किलोवर द्यायचा, की खर्च करून चालू करायचा?

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. चूक होते ती घाईत. कुणी बॅटरी लावून थेट सेल्फ मारतो आणि चांगलं इंजिन फोडून बसतो. कुणी आधी रंग मारतो, नवीन सीट बसवतो, आणि पहिल्याच चिखलणीत गिअरबॉक्समध्ये पाणी जातं. माणगाव तालुक्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथला ट्रॅक्टर कामाने कमी आणि पाण्याने जास्त मरतो : चिखलाचं पाणी, टाकीतलं पाणी आणि आठ-दहा महिने एका जागी उभं राहिल्यावर साचलेला ओलावा. म्हणून जुना ट्रॅक्टर दुरुस्त करायचा म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर काढायचं आणि पुन्हा आत जाऊ द्यायचं नाही. बाकी सगळं त्यानंतर.

जुना म्हणजे कोणता?

भारतात कारखान्यात ट्रॅक्टर बनायला सुरुवात झाली ती १९५९ मध्ये, फरिदाबादच्या आयशरपासून. १९६० मध्ये मद्रासला टाफे कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसन इथे बनू लागला. आपल्याकडचं सर्वांत जवळचं नाव मात्र मुंबईचं. महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यात बी-२७५ हा ट्रॅक्टर बनवला. साधारण ३५ एचपी, चार सिलिंडर. हाच ट्रॅक्टर आधी इंग्लंडमध्ये डॉनकास्टरला बनत होता. त्यामुळे त्याची जुनी पुस्तकं आणि भागांचे तक्ते आजही मोबाईलवर शोधले तर सापडतात.

१९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरबरोबर ट्रॅक्टर काढले. १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाला होता, म्हणजे तो पूर्ण देशी ट्रॅक्टर. एस्कॉर्ट्स आणि फोर्ड हेही त्याच काळातले.

कंपनी कोणती याला महत्त्व आहे, कारण पुढचा खर्च भाग मिळण्यावर ठरतो. मॅसी, स्वराज, महिंद्र ही नावं अजून बाजारात आहेत, त्यामुळे सील, बेअरिंग, क्लच प्लेट मिळायला फार अडचण येत नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्यांचे भाग मिळतात, पण शोधावे लागतात. नंबर सारखा दिसला म्हणून भाग बसेलच असंही नाही. बी-२७५ आणि नंतरचा २७५ डीआय यांत २७५ हा आकडा तोच, पण इंजिन वेगळं. दुकानात जाताना जुना भाग हातात घेऊन जावं.

खाचरं लहान असतील, बांध जवळ जवळ असतील, तर ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला वळायला जागा मिळत नाही. तिथे जुना पॉवर टिलर दुरुस्त करणं जास्त परवडतं. खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी टिलरलाही लागू आहेत.

हात घालण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट कागद. आरसी बुक आहे का, ते कुणाच्या नावावर आहे, आणि त्यावरचा चेसिस व इंजिन नंबर ट्रॅक्टरवर आहे तोच आहे का? गंज साफ करून, नंबरावर कागद धरून पेन्सिलने घासलं की नंबर उमटतो. नंबर जुळत नसेल किंवा खोडलेला दिसत असेल तर तो ट्रॅक्टर विकत घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी.

माणगाव तालुका पेणच्या आरटीओ कार्यालयाखाली येतो, म्हणजे एमएच ०६. विकत घेतलेल्या ट्रॅक्टरची मालकी बदलायला नमुना २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील तर वारसाने नमुना ३१ भरायचा. आरसी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार देऊन नमुना २६ ने दुसरी प्रत काढता येते. जुनं बँक कर्ज आरसीवर दिसत असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि नमुना ३५ लागतो. कर्ज फिटून वीस वर्षं झाली तरी आरसीवर बोजा तसाच राहिलेला असतो, हे आधी बघून घ्यावं.

१५ वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात द्यावाच लागतो, असा मेसेज मोबाईलवर फिरत असतो. तो खरा नाही. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे. त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, आणि पुढे तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी ती वाढवता येते. त्यासाठी नमुना २५ आहे. २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, पण ती हौसेच्या दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे. शेतात काम करणाऱ्या ट्रॅक्टरला नेहमीचीच नोंदणी लागते. रस्त्यावर आणायचा तर निदान थर्ड पार्टी विमाही हवा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते.

दुसरी गोष्ट लोखंड. इंजिनचा ब्लॉक, गिअरबॉक्स, मागच्या एक्सलचं घर आणि पुढचा एक्सल यांवर तडे किंवा जुन्या वेल्डिंगच्या खुणा आहेत का बघा. सील, रिंग, पिस्टन बदलता येतात. फुटलेला ब्लॉक हा सरळ तोट्याचा सौदा.

तिसरी गोष्ट हिशोब. कागदावर तीन रकाने करा : एक, माणसाच्या जिवासाठी लागणारं काम (ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पीटीओचं कव्हर), दोन, चालण्यासाठी लागणारं काम (इंजिन, डिझेल, पाणी, क्लच), तीन, दिसण्यासाठीचं काम. मिस्त्रीकडून पहिल्या दोन रकान्यांचा अंदाज लिहून घ्या. हा आकडा तशाच चालू सेकंड हँड ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा जास्त झाला, तर भंगारवाला किंवा जुने भाग विकणारा हाच शहाणपणाचा रस्ता. वडिलांची आठवण म्हणून ठेवायचा असेल तर ती हौस, आणि हौसेचा हिशोब वेगळा धरावा.

घाटावरून आणायचा असेल तर

पुणे, सातारा भागात ट्रॅक्टर जास्त, त्यामुळे जुने ट्रॅक्टर आणि जुन्या भागांची दुकानंही तिकडे जास्त. तिकडचा ट्रॅक्टर कोरड्या हवेत राहिलेला असतो, पत्रा कमी गंजलेला असतो. पण तो भाताच्या चिखलात कधी उतरलेला नसतो, त्यामुळे त्याचे ऑइल सील चिखलाला टिकतील का हे इथेच कळतं. आणल्यावर सील तपासायचे, हे धरूनच भाव करावा.

ब्रेकची खात्री नसलेला ट्रॅक्टर ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून चालवत खाली आणू नये. टेम्पोवर चढवून आणावा. भाडं जातं, पण जीव राहतो.

पहिला दिवस : सेल्फ मारू नका

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनला पहिल्या दिवशी सेल्फ मारणं किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करणं ही सर्वांत महागडी घाई. आतली रिंग लायनरला चिकटलेली असते. जोर लावला की रिंग तुटते, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी ट्रॅक्टर धुऊन घ्या. सायलेन्सरचं तोंड आणि एअर क्लिनर प्लास्टिकने बांधूनच पाणी मारा. काहीही खोलण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. वायरी, पाइप, लिंक कुठे जोडलेले होते हे महिन्याभराने आठवत नाही. खोललेले नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून चिठ्ठी लावा.

मग ऑइल बघा. इंजिनच्या खालचा ड्रेन नट थोडाच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असतं, त्यामुळे आत असेल तर आधी तेच येतं. गिअरबॉक्स आणि मागच्या क्राऊनच्या घरातही असंच बघा. ऑइल ताकासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. नुसतं बदलून उपयोग नाही, पाणी कुठून आलं ते शोधा. इंजिनमध्ये असेल तर हेड गॅस्केट, लायनरचे रबर किंवा झाकण नसलेला सायलेन्सर. गिअरबॉक्समध्ये असेल तर सील किंवा गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर.

आता इंजिन हाताने फिरतं का ते बघा. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळू फिरवा. फिरत नसेल तर नोझल काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं मिश्रण थोडं ओता. तीन-चार दिवस तसंच मुरू द्या. मग ट्रॅक्टर सपाट जागी वरच्या गिअरमध्ये टाकून दोघा-तिघांनी हाताने पुढे-मागे हलवावा. झटका देऊ नये. आठवड्याभरात बहुतेक वेळा इंजिन सुटतं. नाही सुटलं तर हेड खोलावं लागेल, आणि ते मिस्त्रीचं काम. सुटल्यावर नोझल बाहेर असतानाच इंजिन थोडं फिरवून आतलं मिश्रण बाहेर पडू द्यावं. ते पिचकारीसारखं उडतं, तोंड बाजूला ठेवा.

डिझेल आणि पहिली सुरुवात

टाकीत जुनं डिझेल, पाणी आणि गंजाचा गाळ असतो. टाकी काढून रिकामी करा, थोडं स्वच्छ डिझेल आणि साखळीचा तुकडा आत टाकून हलवा, गाळ निघून जातो. टाकीला भोक असेल तर ती घरी वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ पेट घेते.

दोन्ही डिझेल फिल्टर नवीन घाला. नोझल पंपवाल्याकडे तपासायला द्या. मिस्त्री ज्याला अजून मायको पंप म्हणतात, तो डिझेल पंप घरी खोलू नये. त्याचे भाग केसाइतक्या फरकाने बसवलेले असतात आणि बसवताना यंत्रावर मोजून बघावे लागतात.

फिल्टर बदलले की लाइनमध्ये हवा राहते. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की घट्ट करा. मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलचे नट, याच क्रमाने. चालू इंजिनच्या डिझेल पाइपची गळती हात लावून शोधू नका. तिथलं डिझेल एवढ्या दाबाने निघतं की कातडीतून आत शिरतं. पुठ्ठा धरून बघा. तसं झालंच तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

एअर क्लिनर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरला ऑइलचा असतो. खालची वाटी धुऊन खुणेपर्यंत नवीन ऑइल भरा, खुणेच्या वर नाही.

पहिल्यांदा चालू करताना गिअर न्यूट्रल, चाकांना ओंडके, आणि एक माणूस हवा आत घेणाऱ्या पाइपजवळ लाकडी फळी घेऊन उभा. जुना पंप अडकून बसलेला असला तर इंजिन आपोआप जोरात पळू लागतं आणि बंद करायची दोरी ओढूनही थांबत नाही. तेव्हा फळीने हवा बंद केली की ते थांबतं. हाताने किंवा फडक्याने हवा बंद करायला जाऊ नये.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दोन मिनिटं थांबा. चालू झाल्यावर पहिली नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर. प्रेशर उठत नसेल तर लगेच बंद. मग धूर बघा : काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम होऊनही पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी येतंय.

सेल्फच्या दोन टोकांना पाना लावून, खाली उभं राहून इंजिन चालू करायची खोड बऱ्याच जणांना असते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो तिथेच अंगावर येतो. सीटवर बसूनच चालू करावा, आणि त्यासाठी स्विच आधी दुरुस्त करून घ्यावा.

रेडिएटर आणि वायरिंग

रेडिएटरमधलं गढूळ पाणी काढून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. होज पाइप दाबून बघा, कडक किंवा तडकलेले असतील तर बदला. बोअरवेलच्या क्षाराच्या पाण्याने आत थर बसतो, त्यापेक्षा कूलंट घातलेलं बरं, त्याने गंजही कमी होतो. जाळीत अडकलेलं गवत आणि भाताचा तूस मागच्या बाजूने पाणी मारून काढावा. इंजिन तापलं असताना झाकण उघडू नये आणि गार पाणी ओतू नये. हेड तडकतं.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतं. जोडाजोड करत बसण्यापेक्षा पूर्ण नवीन घालून फ्यूज बसवणं स्वस्त पडतं. बॅटरी जोडण्याआधी अर्थ कोणत्या टोकाला आहे ते बघा. काही जुन्या मशीनमध्ये आजच्यापेक्षा उलट, म्हणजे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. उलटं जोडलं तर डायनामो किंवा अल्टरनेटर जळतो.

शेतात नेण्याआधी ब्रेक

इंजिन चालू झालं की सगळ्यांना घाई होते. इथेच थांबायला हवं. डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो. दोन्ही सारखे लागतात का, आणि दोन्ही पेडल एकत्र जोडणारी पट्टी जागेवर आहे का, ते बघा. मुंबई-गोवा महामार्गासारख्या रस्त्यावर ही पट्टी लावलेलीच हवी. नाही तर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर गरकन फिरतो.

ब्रेक लागत नसेल तर आधी एक्सलचं सील बघा. ते गळत असेल तर ऑइल ब्रेकवर जातं आणि नवीन लायनर घातले तरी आठ दिवसांत तेच. जुन्या लायनरची धूळ हवा मारून उडवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसून काढा.

स्टिअरिंगचा मोकळा फिरावा, किंगपिन, टाय रॉडची टोकं तपासा. या ताकदीच्या ट्रॅक्टरला साधारण पुढे ६.००-१६ आणि मागे १२.४-२८ किंवा १३.६-२८ टायर असतात. मागच्या टायरच्या नक्ष्या झिजल्या असतील तर चिखलात तो जागीच फिरतो. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असू शकतं. चाक खोलण्याआधी ते आणि हवा पूर्ण काढा. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली शिरू नका, जाड लाकडी ठोकळे लावा. चाकांचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळा.

पीटीओच्या शाफ्टला कव्हर नसेल तर ते बनवून घ्या. पदर, उपरणं, सैल बाही त्यात अडकली तर सोडवायला वेळ मिळत नाही. उचललेल्या फणाखाली किंवा रोटाव्हेटरखाली कधी शिरू नये. जुनी लिफ्ट अचानक खाली येते.

चिखलणी : खरी परीक्षा

जुन्या ट्रॅक्टरला पहिल्या वर्षी कोरडी उखळणी आणि हलकं काम द्यावं. चिखलणीला उतरवायचाच असेल तर आधी पाच गोष्टी करा.

एक, मागच्या एक्सलचे आणि पुढच्या हबचे सील चांगले आहेत का बघा. चाक फिरवल्यावर आतल्या बाजूने ऑइल ओघळत असेल तर सील गेलं. ऑइल बाहेर येतं तिथून चिखल आत जातो.

दोन, क्लचच्या घराखाली बऱ्याच ट्रॅक्टरना एक भोक असतं. चिखलात काम करताना त्याला बूच लावायचं आणि कोरड्या कामाला ते काढून ठेवायचं, म्हणजे आत गळलेलं ऑइल-पाणी बाहेर पडतं. बूच हरवलेलं असलं तर पाणी थेट क्लच प्लेटवर जातं.

तीन, सगळ्या ग्रीसच्या निप्पलला रोज ग्रीस. चिखलात काम असेल तर संध्याकाळी काम संपल्यावरच मारावं. नवीन ग्रीस जुनं पाणी आणि माती बाहेर ढकलतं, म्हणून कडेने स्वच्छ ग्रीस येईपर्यंत मारायचं.

चार, गिअरबॉक्स आणि क्राऊनचं ऑइल दर दोन-तीन दिवसांनी काडी काढून बघा. दुधाळ झालं की काम थांबवा. त्या ऑइलवर ओढत राहिलं तर बेअरिंग आणि गिअर दोन्ही जातात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

पाच, संध्याकाळी टाकी भरून ठेवा. अर्धी रिकामी टाकी रात्रीच्या दमट हवेने आतून घामेजते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. फिल्टरच्या वाटीतलं पाणी सकाळी काढून टाका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ट्रॅक्टर रुतला तर पुढे काढायचा हट्ट करू नका. मागची चाकं जागी अडकली आणि इंजिनने जोर लावला की पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्यावर उलटतो. जुन्या ट्रॅक्टरला वर संरक्षणाची चौकट नसते. चाकाला ओंडका बांधून काढायचा प्रकार तर कधीच करू नये. फण सोडा, रिव्हर्समध्ये हळू मागे घ्या, नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने मागून ओढून घ्या. साखळी नेहमी खालच्या ओढपट्टीलाच बांधायची, वरच्या लिंकला नाही. बांध ओलांडताना सरळ जावं, तिरकं नाही, आणि मडगार्डवर पोरांना बसवू नये.

लावणी संपली, आता ठेवायचा कसा?

लावणीनंतर ट्रॅक्टर तसाच चिखलासकट उभा राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच दुखणं. त्याऐवजी एक दिवस द्या. चिखल सुकण्याआधी धुवा, एक्सलभोवती गुंडाळलेलं गवत काढा, तेच सील कापतं. ऑइल बदलायचं असेल तर ठेवण्याआधी बदला, वापरलेल्या ऑइलमधला ओलावा आणि आम्ल महिनोन् महिने बेअरिंगवर राहू देऊ नये. सर्व्हिस किती तासांनी, हे त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघून ठरवा.

सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. चाकांखाली फळ्या ठेवा. क्लचचं पेडल दाबून लाकडाच्या ठोकळ्याने अडकवून ठेवा, नाही तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि मग गिअरच पडत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा. ताडपत्री थेट ट्रॅक्टरवर गुंडाळू नका, आत घाम साचतो. वर छप्पर आणि बाजूने वारा अशी जागा उत्तम. महिन्यातून एकदा ट्रॅक्टर चालू करून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, जरा पुढे-मागे फिरवा, लिफ्ट वर-खाली करा. दोन मिनिटं चालू करून बंद केलं तर उलट जास्त पाणी साचतं.

रंग कधी?

एक हंगाम ट्रॅक्टर चालला, गळती थांबली, मगच. तारेच्या ब्रशने गंज काढा, रॉकेल किंवा थिनरने ग्रीस पुसा, पूर्ण सुकवा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग मूळ रंग. हे काम हिवाळ्यात करावं, दमट हवेत मारलेला रंग सुटतो. नंबरच्या पट्टीवर आणि ग्रीसच्या निप्पलवर रंग मारू नका.

घरी काय, मिस्त्रीकडे काय?

धुणं, ऑइल, फिल्टर, ग्रीस, हवा काढणं, वायरिंग, रंग ही कामं आयटीआय न केलेला माणूसही शिकून घरी करू शकतो. डिझेल पंप, इंजिनचं काम, क्लचसाठी ट्रॅक्टर मधून सोडवणं आणि ब्रेक ही कामं जाणत्या हाताखालीच व्हावीत. ट्रॅक्टरचे दोन भाग करताना आधार सरकला तर खाली असलेला माणूस वाचत नाही.

एक वही ठेवा. कोणत्या तारखेला कोणतं ऑइल, कोणतं सील, किती तास काम, किती खर्च. दोन हंगामांनंतर तीच वही सांगते की ट्रॅक्टर पोसायचा की सोडायचा. आणि विकायचा ठरला तरी वही असलेल्या ट्रॅक्टरला भंगाराचा नाही, ट्रॅक्टरचा भाव सांगता येतो.